तचांका कोण

वहिनीचा फोन आला तेव्हा तो एका अनोळखी म्हाताऱ्याचे वरचे दात मेणात बसवत होता. दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्पिरिटचा दिवा जळत होता. पातं तापवून मेणावर फिरवलं की मेणाला किंचित घाम फुटल्यासारखं व्हायचं आणि मग दात आपल्या जागी मुकाट बसायचा. इतकी वर्षं कवळ्या बनवूनही हे बघायला त्याला आवडायचं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई कुणाला तरी "आ करा, अजून मोठा आ करा" म्हणून विनवत होत्या. फोन त्याने खांद्याने कानाशी दाबून धरला. "भावजी, मी बोलतेय," पलीकडून आलं, आणि बाबा गेल्यापासून न ऐकलेला तो आवाज ओळखेपर्यंत मेण थिजून गेलं. "एक विचारते. खरं सांगाल?" "विचारा ना." "तचांका कोण?" त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कोण?" "तचांका, तचांका. ह्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात गेलाय, पाय थोडा हलतो. वाचा गेली. म्हणजे अगदीच गेली असंही नाही, एकच शब्द येतो. पाणी हवं, तचांका. कूस बदलायची, तचांका. काल माझा हात धरून रडले आणि तेच म्हणाले. भावजी, बाई आहे का कोणी? असली तर सांगून टाका. मी रागावणार नाही, रागवायचं वय गेलं आता. नुसतं कळू दे."

आणि तो हसला. हसू तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण हसलो. "वहिनी, ती गाडी आहे," तो म्हणाला. "गाडी?" "घोडागाडी. चार घोड्यांची. मागच्या बाजूला मशीनगन बसवलेली." पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. "कुठली गाडी?" "रशियातली. तिथे यादवी युद्ध झालं ना, शंभर वर्षांपूर्वी. त्यातली." "ह्यांचा आणि रशियाचा काय संबंध?" वहिनीने विचारलं, आणि आता तिच्या आवाजात सुटका होती की नवा घोर लागला होता हे त्याला ठरवता येईना. "संबंध आहे," तो म्हणाला. "येतो मी." फोन ठेवल्यावर त्याने पाहिलं, म्हाताऱ्याचा एक सुळा वाकडा थिजला होता.

बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथे जगाच्या इतिहासाचे जाडजूड खंड छापायचं काम चाललं होतं, आणि बिघडलेले, शाई फरकटलेले, उलटे दुमडलेले छापील कागदांचे फर्मे बाबा घरी आणायचे. त्यांची मागची बाजू दोघा भावांना गणितं सोडवायला. पण कसं कोण जाणे, बिघडायचे ते दोनच प्रकरणांचे कागद. रोम, इजिप्त, दोन्ही महायुद्धं बिनचूक छापून बाहेर पडली. घरात आल्या त्या फक्त रशियाची यादवी आणि चीनची यादवी. त्यामुळे त्या दोन खोल्यांच्या घरात जग म्हणजे एवढंच होतं. आई परिचारिका होती, ती संध्याकाळी यायची. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंतची सबंध दुपार फरशीवर कागद पसरून जायची, पोटाला फरशी गार लागायची, कोपरं शाईने काळी व्हायची. वाटणी पहिल्याच दिवशी झाली. "मी मोठा. रशिया माझा," दादा म्हणाला. "मग मला काय?" "तुला चीन. उरलाय तो." तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, इतकं की तो मोरीत जाऊन रडला होता, आणि बाबांनी घरी आल्यावर त्याला मांडीवर घेऊन त्या कागदांतलं चीन वाचून दाखवलं होतं, चुका दुरुस्त करत करत. त्या रात्रीपासून त्याने चीन कुणाला दिला नसता.

खेळ साधा होता. एकाने सेनापती आणि त्याचं हत्यार मांडायचं, दुसऱ्याने त्याच्या तोडीचा सेनापती आणि तोडीचं हत्यार काढायचं, बाबा आले की निवाडा त्यांचा. दादा मांडायचा घोडेस्वारांचा मिशाळ सरदार आणि त्याची बाकदार तलवार. हा उत्तर द्यायचा रुंद पात्याच्या चिनी तलवारीने, दोन हातांनी धरायची, मुठीला लाल कापड, नाव दादाओ. ते नाव ऐकून दादाने तीही मागितली होती. "नावातच माझं नाव आहे, दे इकडे." दादाकडे एक नौसेनापती होता जो समुद्रापासून हजारो मैल दूर, बर्फातून, आगगाडीत सोनं भरून मागे हटत गेला. समुद्र नसलेला नौसेनापती हा याचा हक्काचा विनोद होता. त्यावर दादा चिडून म्हणायचा, "तुझा तो आठव, शवपेटीवाला." कारण याच्याकडे एक सरदार होता, हरलो तर शवपेटीतून परत येईन म्हणून गर्जना करून लढाईला गेला, हरला, आणि म्हणे खरोखरच शवपेटीत बसून आला, सिगार ओढत. "शब्दाला जागला," बाबा म्हणाले होते आणि गुण चीनला दिला होता. लाकडी पेटीचं पिस्तूल मात्र दोन्हीकडे होतं. ती पेटीच मागे अडकवली की पिस्तुलाची बंदूक व्हायची. रशियात ते चामडी कोटवाल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला, चीनमध्ये कुणाच्याही, तिथे त्याला पेटीतोफ म्हणायचे. त्या एका हत्याराला दोघांनी मिळून बरोबरी ठरवली होती. ते काढलं की तो डाव रद्द.

आणि तचांका. ती दादाची हुकमाची राणी. सगळ्या तोफा पुढे बघतात, ही मागे बघते, दादा समजावून सांगायचा, पोटावर झोपून, पाय हवेत हलवत. घोडे जीव घेऊन पळतायत, शत्रूला वाटतं पळाले, तो मागे लागतो, आणि मग मागे बसलेला माणूस सुरू करतो. पळता पळता जिंकायचं. त्या फर्म्यात शब्द चुकून 'तंचाका' पडला होता आणि बाबांनी लाल शाईने अनुस्वार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवला होता, बारीक बाण काढून. चीनजवळ तिला उत्तर नव्हतं. याने कागद उलटेपालटे करून पाहिले, चालत गेलेली सबंध सेना मांडून पाहिली, डोंगर, दलदल, झुलता पूल, शत्रूच्याच हिसकावलेल्या बंदुका. दादा नुसता म्हणायचा, "तचांका," आणि हात झाडून उठायचा. डाव संपला.

दादाच्या खोलीत औषधाचा वास नव्हता, टाल्कम पावडरचा होता, लहान मूल असलेल्या घरात असतो तसा. पलंग खिडकीशी सरकवलेला. दादा उशांना टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि कवळी बनवणाऱ्याच्या सवयीने याची नजर आधी तिथेच गेली, ओठाची उंची, गालाचा खळगा, कुठे किती भर द्यावी लागेल. मग लाज वाटून त्याने डोळ्यांकडे पाहिलं. डोळे दादाचेच होते, आणि त्यात भीती होती. आपल्याला बघून दादाला भीती वाटावी हे त्याने कधी कल्पिलं नव्हतं. दाराच्या चौकटीत उभं राहून काय बोलावं, बरा आहेस का, कसं वाटतंय, असले शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. "समुद्र मिळाला का रे तुझ्या नौसेनापतीला?" तो म्हणाला. दादाच्या डाव्या ओठाचा कोपरा हलला. मग छाती हलली. मग एक विचित्र, बुडबुड्यांसारखा आवाज आला आणि वहिनी घाबरून धावत आली. "काय झालं? काय होतंय ह्यांना?" "काही नाही वहिनी," तो म्हणाला, "हसतोय."

वाचा शिकवणारी बाई एक दिवसाआड यायची. तरुण होती, चष्म्याच्या काड्या सारख्या केसांत खोचायची, आणि बोलताना दादाकडे बघून बोलायची, त्याच्याबद्दल इतरांशी नाही, हे त्याला आवडलं. तिने सांगितलं, असं होतं. सगळी भाषा दाराआड अडकते आणि एखादाच शब्द बाहेर राहून जातो, शिवी, देवाचं नाव, कधी नुसतीच बडबड. हाच का, ते कुणालाच सांगता येत नाही. "तुम्ही दोघं काय बोलायचात तेच बोला," ती म्हणाली. "हवा-पाणी नको. ज्यावर भांडायचात ते. मात्र एक. ते बोलायला लागले आणि अडले, की तुम्ही वाक्य पुरं करायचं नाही. सगळे तेच करतात, प्रेमाने करतात. शब्द ओठावर आहे असं दिसतं, आपण देऊन टाकतो. देऊ नका. किती का वेळ लागेना." त्याने मान हलवली. सोपं वाटलं होतं.

मग तो रोज दुपारी जायला लागला. डॉक्टरीणबाईंनी कामाची वेळ बदलून दिली, "सकाळी लवकर या, दुपारी जा, कवळीला काय घाई असते, माणूस इतके दिवस बिनदाताचा राहिलाय," म्हणाल्या. खुर्ची ओढून तो पलंगाशी बसायचा आणि एकेक सेनापती मांडायचा. आता दोघांच्या बाजूने त्यालाच खेळावं लागे. तो सांगायचा, बघ, तुझ्या त्या युद्धमंत्र्याची आगगाडी, चिलखती, आत तारघर, आत छापखाना. त्यावर बाबा काय म्हणायचे आठवतं? मग तिथे माझ्यासारखा एक असणार, बाहेर गोळ्या चालू आहेत आणि हा ऱ्हस्व-दीर्घ बघतोय. आणि माझा तो धर्मवेडा सरदार, पाण्याच्या बंबाने एकदम सगळ्या पलटणीला बाप्तिस्मा देणारा, म्हणे. तुझी गाडी शब्द छापत जायची, माझा माणूस पाणी मारत जायचा. कोण वरचढ? दादा म्हणायचा, "तचांका." पण त्यातही किती प्रकार होते. वर चढणारा तचांका म्हणजे प्रश्न. तुटक, खाली पडणारा, म्हणजे चूक, पुन्हा सांग. लांबवलेला, डोळे मिटून, म्हणजे पुरे आज. काही दिवसांतच त्याला त्या एका शब्दात सबंध व्याकरण ऐकू यायला लागलं, आणि वहिनी स्वयंपाकघरातून "काय म्हणाले?" असं त्यालाच विचारू लागली. चहा हवाय. उशी. काही नाही, माझ्या चीनला नावं ठेवतोय.

आणि या सगळ्यात त्याला सुख वाटत होतं. हे कधी लक्षात आलं ते त्याला सांगता आलं नसतं, बहुतेक बसस्टॉपवर, परत जाताना, उन्हाने तापलेल्या लोखंडी बाकावर बसल्या बसल्या. आपण शीळ घालतोय हे कळलं आणि त्याने ती तोंडातच थांबवली. भाऊ अर्धा लुळा होऊन पडला आहे आणि आपण शीळ घालतोय. एवढं तर तो दादाशी सबंध आयुष्यात बोलला नव्हता. लहानपणी दादा बोलायचा आणि हा उत्तरं द्यायचा. मोठेपणी दादा सल्ले द्यायचा आणि हा मान हलवायचा. आता तो बोलत होता, तासन् तास, आणि दादा ऐकत होता, जाऊन जाऊन जाणार कुठे. दादाला बोलता येऊ नये असं त्याला वाटत होतं का? असं नाही, असं कसं वाटेल. त्याने लगेच ते झटकून टाकलं. पण रोज पलंगाशी बसून दादाच्या ओठांकडे बघताना, त्यांची चाललेली धडपड बघताना, तो घाईघाईने पुढचा सेनापती मांडायचा. वाचा आली की दादा आधी काय बोलेल हे त्याला माहीत होतं. ते वाक्य दादाने बोलून ठेवलेलंच होतं. त्यानंतर दोघांमध्ये दुसरं वाक्य झालं नव्हतं.

बाबा शेवटी इस्पितळात होते तेव्हा छताकडे बघत राहायचे आणि कुणी वाकलं की एकच म्हणायचे, घरी. डॉक्टर म्हणत होते, आणखी एक उपाय आहे, करून बघू, गुण येईलच असं नाही. दादाला तो करून बघायचा होता. इस्पितळाच्या व्हरांड्यात, पाणी पिण्याच्या नळापाशी, दोघं हळू आवाजात भांडले, येणारे-जाणारे बघतात म्हणून तोंडावर हसू ठेवून. "ते स्वतः म्हणतायत ना," हा म्हणाला. "ते शुद्धीवर आहेत का?" दादा म्हणाला. शेवटी दादाने हात वर केले. "ने. तुझ्या जबाबदारीवर." याने बाबांना आपल्या घरी आणलं. दादा रोज संध्याकाळी कामावरून परस्पर यायचा, पायाशी बसायचा, बाबांकडे नीट बघायचा नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि जायचा. मग एका सकाळी बाबा गेले. दादा आला तेव्हा बाबांना पांढरी चादर घातलेली होती, केस विंचरलेले होते, सगळं आवरलेलं होतं. दादा उंबऱ्यातच थांबला. त्याने त्या आवरलेल्या खोलीवरून नजर फिरवली आणि याच्याकडे न बघता म्हणाला, "तूच मारलंस बाबांना." वहिनीने मागून त्याचा सदरा ओढला. त्यापुढचे सगळे विधी, लोक, खुर्च्या, फुलं, याच्या आठवणीत आवाज बंद केलेल्या चित्रासारखे आहेत. तो त्या वाक्याशी रोज भांडला. दात घासताना, बसमध्ये, साच्यात प्लास्टर ओतताना. डॉक्टरांचा दाखला काढला, बाबांचा शब्द काढला, आणि दर वेळी दादाने नुसतं हात झाडून उठावं तसं ते वाक्य उठून गेलं. बाबा एकदा म्हणाले होते, यादवीचं एक आहे, शत्रूची भाषा शिकावी लागत नाही, आपलीच असते, म्हणून घाव बरोबर बसतो.

दुसरा शब्द आला तो रागातून आला. त्या दिवशी तो चिलखती आगगाड्यांवर होता. हा लहानपणापासूनचा तंटा. रशियात जे हरले ते सैनिक सरहद्द ओलांडून चीनमध्ये आले, आणि त्याच त्या शवपेटीवाल्या सरदाराने त्यांना आपल्या चिलखती गाड्या चालवायला ठेवलं. म्हणजे दादाची माणसं याच्या गाडीवर. याला हे सापडलं त्या दुपारी तो घरभर नाचला होता, आणि दादाने तो कागद चुरगाळून "फितूर आहेत ते, मला नकोत" म्हणून फेकून दिला होता. आता तो थकला होता, बोलता बोलता घसरला. "त्या गाड्यांवर चिनी गोलंदाज होते ना, पटाईत," तो म्हणाला, आणि दादाची मान झटक्यात वळली. "तचां..." दादा म्हणाला आणि थांबला. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्याने चादर मुठीत धरली. "र..." तो म्हणाला. शब्द याला दिसत होता, ओठावर उभा होता, ढकलला की बाहेर पडेल असा, आणि याची जीभ आपोआप टाळ्याला लागली. त्याने दात दाबून धरले. "र... रशि... रशियन!" दादा ओरडला. मग धापा टाकत, एकेक दगड उचलून ठेवल्यासारखा, "माझी. माणसं." स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. वहिनी दारात आली, दोन्ही हात कणकेने माखलेले, आणि तशीच चौकटीला टेकून रडायला लागली. दादा तिच्याकडे बघून हसत होता. हाही हसला. हसताना त्याला आपले गाल दुखत असल्याचं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. कामाचा डोंगर आहे, असं त्याने फोनवर सांगितलं, आणि ते खरं करण्यासाठी जुने ठसे काढून बसला. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, वरचा-खालचा, जोडीने, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. सगळे मिटलेले. इथे कोणी बोलत नाही, आणि मला ते बरं वाटतं, त्याच्या मनात आलं. डॉक्टरीणबाई हात पुसत मागच्या खोलीत आल्या. "आज दुपारी गेला नाहीत?" "उद्या जाईन." "भाऊ बोलायला लागले म्हणत होतात ना काल?" "हो." "मग?" त्याने जबडा उचलून उजेडात धरला. बाई पुढच्या खोलीत गेल्या. तो उद्या झाला, परवा झाला. रोज दुपारी बस कुठल्या थांब्यावर असेल हे त्याचं अंग त्याला सांगायचं. त्याला दिसायचं, वाचा शिकवणारी बाई समोर चित्रं मांडतेय, कप, दार, छत्री, आणि दादा एकेक शब्द खणून काढतोय, ढिगारा उपसत, आणि त्या ढिगाऱ्याच्या तळाशी काय आहे हे फक्त आपल्याला माहीत आहे.

शेवटी वहिनीच दवाखान्यात आली. रोग्यांच्या बाकावर बसून राहिली, हा बाहेर येईपर्यंत. "तुम्ही येत नाही," ती म्हणाली. "ते दाराकडे बघत बसतात. परवा मला म्हणाले, चीन. मी म्हटलं, चीन काय? तर नुसतं, चीन, चीन. मला काय कळतंय तुमचं? मी चीनमध्ये बनलेली पिशवी दाखवली, पेपरातली चीनची बातमी दाखवली." ती थांबली, पदर हातात घेऊन उगाच त्याची घडी घालत राहिली. "भावजी, तुम्ही त्या दिवशीचं मनात ठेवलंय, मला माहीत आहे. मी तेव्हा मागेच उभी होते. ह्यांना मी किती वेळा म्हटलं, जा, एकदा जाऊन या. गाडीपर्यंत जायचे, परत यायचे. काय बोलू म्हणायचे. आता बोलता येत नाही तर मेलं बोलायचंय." आत जाऊन त्याने दिवा विझवला, अंगावरचा पांढरा कोट काढून खुंटीला लावला, आणि तिच्याबरोबर निघाला. बसमध्ये दोघं शेजारी बसली आणि सबंध वाट तिने खिडकीबाहेर बघत काढली, त्याला बोलावं लागू नये म्हणून.

दुपार उतरणीला लागली होती. दादाला आता खुर्चीत बसवत होते, खिडकीकडे तोंड करून. पावलं ऐकून त्याने मान वळवली, चीन आला का हे बघायला, असं याच्या मनात आलं आणि हसू आलं नाही. वहिनी चहाचं निमित्त करून आत गेली. याने खुर्ची ओढली, आणि सवयीने सुरू केलं. "माझ्या त्या चालत गेलेल्या सेनेचं मी सांगत होतो..." दादाने डावा हात वर केला. थांब. तो थांबला. दादाने डोळे मिटले, गिळल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "बाबा." खोलीत ऊन होतं, फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या होत्या. दूर कुठेतरी कुणी लाकडावर ठोकत होतं, थांबत होतं, ठोकत होतं. "बाबा," दादा पुन्हा म्हणाला. "तू." याने खुर्चीच्या कडा धरल्या. उठावं, वहिनीला हाक मारावी, पाणी आणतो म्हणावं. किंवा आपणच ते बोलून टाकावं, हो, मी मारलं, झालं? संपव एकदाचं. पुरं करू नका, बाई म्हणाली होती, किती का वेळ लागेना. "मा..." दादा म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "मार..." तो तसाच बसला. पायाखालची फरशी त्याला बुटांतूनही गार लागत होती. ठोकणारा माणूस थांबला होता. "मारली," दादा म्हणाला.

मारली. मारलंस नव्हे. इतकी वर्षं पाठ असलेल्या वाक्यात तो शब्द बसेना, दात चुकीच्या खाचेत बसत नाही तसा, आणि मुद्रितशोधकाच्या त्या मुलाने मनातल्या मनात तो पुन्हा वाचला. मारली. कुणी मारली, काय मारली? दादा मान हलवत होता, चुकतंय म्हणत होता, डाव्या हाताने हवेत काहीतरी ओढत होता. "मारली... नाहीस," तो म्हणाला. आणि मग सगळा श्वास एकवटून, "हाक." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. "मला. हाक... नाहीस मारली."

सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. वहिनी चहा घेऊन आली, दारात थांबली, आणि कप तसेच घेऊन मागे फिरली. त्या उंबऱ्यातल्या दादाला तो आता पहिल्यांदाच बघत होता, त्याचा चेहरा, तो खोलीवरून काय शोधत नजर फिरवत होता ते. सगळं त्याच्यावाचून आवरून झालेलं होतं. "नाही मारली," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "सांगतो. त्या दिवशी सकाळी बाबांना बरं होतं. खिडकी उघड म्हणाले. उघडली. मग म्हणाले, दाढी करून दे. मी म्हटलं, कशाला आता, उद्या करू. तर म्हणाले, संध्याकाळी तो येतो, माझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. जरा बरा दिसलो तर बघेल." दादाचा श्वास ऐकू येत होता. "मी पाणी गरम केलं. फेस लावला. त्यांना गुदगुल्या व्हायच्या ना गळ्यापाशी, तशा झाल्या, हसले. एक गाल केला. वस्तरा धुवायला वळलो. परत वळलो तर नव्हते. डोळे उघडे होते, खिडकीकडे. गालावर फेस तसाच. मला तेव्हा तुला फोन करायचा होता दादा, फोन हातात घेतला होता. पण अर्धी दाढी होती. अर्ध्या दाढीने तुला कसं दाखवायचं? तुझ्यासाठीच करत होते ते. मग मी बसलो आणि दुसरा गाल पुरा केला. सावकाश केला. पाणी गार झालं होतं, पुन्हा तापवलं. पुसलं, केस विंचरले. आणि मग केला फोन. तोवर..." तो थांबला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नव्हतं.

दादा त्याच्याकडे बघत होता. त्याचा डावा हात मांडीवरून उठला, हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर फिरला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, जिथे त्याला स्पर्श कळत नव्हता तिथेही. ओठ हलले. याने वाट पाहिली.

"कुठला?" दादाने विचारलं.

"डावा," तो म्हणाला. "डावा राहिला होता."